धाटातलं इंधन
कलबुर्गी-आळंदची ज्वारी म्हटली की मालदांडी. मोहोळला निवडलेल्या या वाणाची शुभ्र भाकरी आणि कडबा, दोन्हीवर हा मुलूख जगतो. तिच्याच जातकुळीतली गोड ज्वारी मात्र धाटासाठी पेरतात. वरचं कणीस खुडून घ्यायचं, खालचं धाट उसासारखं चरकात घालायचं. रस आंबवून ऊर्ध्वपातन केलं की इथेनॉल, आणि उरलेलं चिपाड गुरांना.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग 2001 मध्ये मिरज, मनमाड आणि बरेलीत सुरू झाला. 2025 पर्यंत मिसळ वीस टक्क्यांवर पोचली. पुढची पायरी म्हणजे फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल-इथेनॉलच्या कमीजास्त मिसळीवर चालणारी, हायब्रिड गाडी. टोयोटा किर्लोस्करने अशी नमुना इनोव्हा ऑगस्ट 2023 मध्ये दिल्लीत दाखवली. कंपनीचा कारखाना याच कर्नाटकातल्या बिडदीचा. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश, त्यामुळे नुसत्या इंजिनावर मायलेज घसरतं. हायब्रिड गाडी ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवते आणि ती तूट बरीचशी भरून काढते.

गाडीची सोय होईल. माझी काळजी इंधनाची आहे. शेजारच्या बिदर जिल्ह्यात हल्लीखेड, नारंजा आणि भालकीजवळचा महात्मा गांधी असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, म्हणून इथेनॉल म्हटलं की डोळ्यांपुढे ऊसच येतो. पण ऊस वर्षभर रानात उभा असतो आणि वर्षभर पाणी मागतो. मांजरा आणि कारंजा धरणाचं पाणी किती जणांना पुरणार? 2023 चा पाऊस हुकला, उसाचा अंदाज खाली आला आणि डिसेंबरात केंद्राला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घालावी लागली. गोड ज्वारी चार महिन्यांत निघते, पाणी उसापेक्षा फार कमी पिते आणि वर दाणाही देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ही गोष्ट फार आधी हेरली. बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये काढलेल्या या संस्थेने ‘मधुरा’ हा वाण तयार केला, अनिल राजवंशींनी तिथंच सौर उष्णतेवर इथेनॉल गाळलं आणि त्यावर चालणारे कंदील, स्टोव्ह बनवले.

मग अडलं कुठं? धाट तोडलं की साखर उतरायला लागते. दिवसभरात गाळप झालं नाही तर रस गेला. बिदरला लागून असलेल्या तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात 2007 च्या सुमारास इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेच्या साथीने याच ज्वारीचा इथेनॉल कारखाना सुरू झाला, पण टिकला नाही. तिथल्याच इब्राहिमबादला इक्रिसॅटने वेगळी वाट धरली: गावातच छोटा चरक, बाजूला कढई. रस आटवून काकवीसारखा पाक केला की तो महिनोन् महिने टिकतो. कारखान्याने सवडीने न्यावा. मला हीच वाट खरी वाटते, कारण गुऱ्हाळ चालवणारे हात आपल्याकडे आहेत.

पण ही गोड ज्वारी खरिपात पेरायची तर अडचणीही आहेत: तिचा दाणा पावसात काळा पडतो, मालदांडीची चव त्याला नाही, आणि सोयाबीन-तुरीच्या रानात तिला जागा द्यायची तर धाटाला पक्का भाव हवा. जूनला पेरलेलं हे पीक ऑक्टोबराच्या सुमारास काढणीला येतं. साखर कारखान्यांचा हंगाम तेव्हा सुरूही झालेला नसतो, जवळच्या धाटासाठी त्यांची गाळपाची यंत्रं रिकामी असतात. त्या मोकळ्या आठवड्यांसाठी एखाद्या कारखान्याने पेरणीआधीच धाटाचा भाव बोलावा.