भिंतीला पोट का येते?

भोर आणि वेल्हे हा डोंगराचा मुलूख. इथे दगडाला तोटा नाही. म्हणून बापजाद्यांनी दगड-मातीची घरे बांधली. त्या भिंतींची जाडी पाहून वाटते, हिला काय होणार? पण पावसाळ्यात एखादी भिंत मधेच फुगते. आपण म्हणतो, "भिंतीला पोट आलं." मग एके दिवशी भिंत ढासळते. असे का होते?

जाड भिंत दिसते एक, पण असतात दोन. गवंडी बाहेरून एक थर रचतो, आतून दुसरा थर रचतो. मधल्या जागेत माती आणि कपच्या भरतो. दोन्ही थर एकमेकांना बांधलेले नसतात.

आता एक गंमत करून पाहा. कारवीची हातभर लांब, बारीक काटकी जमिनीवर उभी धरा. वरून दाबा. काटकी आधी कडेला वाकते. पाच काटक्या एकत्र धरा, पण बांधू नका. दाबल्या की त्या फाकतात. त्याच काटक्या तीन ठिकाणी सुतळीने आवळा. आता त्या सहजी वाकत नाहीत. काटक्या त्याच, जोर तोच. फरक फक्त बांधण्याचा!

भिंतीचेही तसेच आहे. वर छपराचा भार असतो. पावसाचे पाणी आत मुरते. मधली माती भिजते, खाली बसते आणि पाचरीसारखी दोन्ही थरांना बाहेर रेटते. थर थोडा बाहेर झुकला की वरचा भार त्याला आणखी झुकवतो. म्हणून पोट आपोआप जात नाही, वाढतच जाते. वरून गिलावा केला तर ते झाकते, बरे होत नाही.

जमीन हादरली तर मग विचारूच नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. तिकडे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे होती. भिंतींचे थर सुटले, माळवदे खाली आली. त्या भागात सात हजारांहून जास्त माणसे दगावली. माणसे झोपेत होती.

यावर उपाय आहे, आणि तो साधा आहे. भिंत रचताना मधून मधून लांब दगड आरपार घाला. त्याचे एक टोक बाहेरच्या थरात, दुसरे आतल्या थरात हवे. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर असा एक दगड बसवा. कोपऱ्यातही लांब दगड घाला. लांब दगड मिळत नसेल, तर सळई घालून काँक्रीटचा ठोकळा ओता. ही भिंतीची सुतळी समजा.

जुन्या भिंतीलाही असे बांधता येते. जाणता गवंडी हळूच एकेक दगड काढून आरपार भोक पाडतो. दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई त्यात ठेवतो आणि भोक काँक्रीटने भरतो. पोट मोठे असेल, तर छपराला टेकू देऊन तेवढा भाग उतरवावा आणि नव्याने रचावा.

पावसाळ्याआधी प्रत्येक भिंतीला ओळंबा लावून पाहा. पोट दिसले, तर तिच्याकडेला अंथरूण घालू नका, जनावर बांधू नका. गवंड्याला आजच बोलवा. मजुरी पुन्हा कमावता येते, माणूस नाही.