मागच्या बाकाजवळची काच

सकाळच्या वेळी केजच्या बसस्थानकाजवळ थोडा वेळ उभे राहून पाहा. युसुफवडगाव, नांदूरघाट, आडस अशा गावांकडून माणसांनी भरलेल्या जीपगाड्या येताना दिसतात. मोठी माणसे पुढच्या बाकांवर बसतात आणि मुलांना मागचा बाक मिळतो. त्या बाकावर बसलेल्या मुलाचे डोके नेमके बाजूच्या काचेला टेकते. कधी डुलकी लागते, कधी खड्ड्यातून गाडी गेली की कपाळ काचेवर आपटते. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हा अनुभव घेतला असेल.

आता समजा, उसाचे दिवस आहेत. रस्त्यावर ट्रॅक्टर आणि ट्रक यांची रीघ लागली आहे. तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या चाकाखालून एक टोकदार खडा उडतो आणि तुमच्या बाजूच्या काचेवर बसतो. फाट् असा आवाज होतो. क्षणभर सगळी काच पांढरी दिसते आणि मग खडीसाखरेसारखे हजारो तुकडे तुमच्या मांडीवर सांडतात. तुम्ही घाबरता, कपडे झटकता आणि हातपाय पाहता. एखाददुसरा ओरखडा सोडला तर कुठेही जखम नाही. एवढी मोठी काच फुटली आणि कापले नाही, हे कसे?

हे कसे होते ते समजून घेण्यापूर्वी एका शब्दाबद्दल सांगायला हवे. तुम्ही घरी ज्याला शीशा म्हणता त्याला मराठीत काच म्हणतात. तुमचा आईना म्हणजे मराठीतला आरसा. मराठीत 'शिसे' हाही शब्द आहे, पण तो एका जड धातूचे नाव आहे. म्हणून दुकानात जाऊन शिसे मागू नका, दुकानदार गोंधळून जाईल.

तर गाडी आता गॅरेजमध्ये आली आहे. मिस्त्री रिकामी चौकट पाहतो आणि मालकाला दोन मार्ग सांगतो. पहिला मार्ग असा : पुठ्ठ्यावर माप काढायचे, घराच्या खिडकीला लावतात तशी साधी काच हिऱ्याच्या कलमाने कापायची आणि बसवून टाकायची. तासाभरात काम होते आणि पैसेही कमी लागतात. दुसरा मार्ग असा : त्याच गाडीची तयार काच बीड, लातूर किंवा पुण्याहून मागवायची. त्यात एकदोन दिवस जातात आणि खर्चही जास्त येतो. जीप उभी राहिली की मालकाची त्या दिवसाची कमाई बुडते. त्यामुळे पहिला मार्ग त्याला गोड वाटला तर नवल नाही. पण मागच्या बाकावर मालक बसत नाही, तुम्ही बसता. म्हणून या दोन काचांमधला फरक तुम्हाला माहीत असलाच पाहिजे.

साधी काच फुटली की तिचे लांब, सुरीसारखे तुकडे होतात. काही तुकडे चौकटीतच उभे राहतात आणि ते बसलेल्या मुलाच्या मानेच्या उंचीवर येतात. गाडीला जी मूळची काच होती ती वेगळ्या प्रकारची होती. तिला कडक केलेली काच म्हणतात. बाजारात तिचे नाव टफन काच असे आहे. जाडी सारखीच असली तरी ती साध्या काचेपेक्षा चार ते पाच पट जास्त मार सोसते. आणि फुटलीच तर तिचे खडे होतात, सुऱ्या होत नाहीत.

ही काच कशी बनवतात? आधी साधी काच हव्या त्या आकारात कापून घेतात, कडा घासतात आणि भोके पाडायची असतील तर ती पाडतात. मग तिला भट्टीत सहाशे अंश सेल्सियसच्या वर तापवतात. काच लाल होते आणि मऊ पडू लागते. त्याच वेळी तिला बाहेर काढून दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. त्यामुळे काचेची वरची पातळ साल लगेच गार होऊन घट्ट होते. आतला गाभा मात्र अजून गरम असतो. तो नंतर सावकाश गार होतो आणि गार होताना आकसू पाहतो. पण साल तर आधीच घट्ट झालेली असते. म्हणून गाभा सालीला सगळीकडून आत ओढून धरतो.

तुम्ही लोहाराला बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिले असेल, किंवा आजोबांकडून ऐकले असेल. लोखंडाची धाव लालबुंद तापवतात, लाकडी चाकावर बसवतात आणि वर पाणी ओततात. धाव आकसते आणि चाकाला असे आवळते की आरे आणि पाटे हलूच शकत नाहीत. काचेत गाभा हे त्या धावेचे काम करतो आणि साल ही आवळलेल्या लाकडासारखी असते. काच तुटते ती बहुधा तिच्या अंगावरचा एखादा बारीक चरा ताणाने उघडून पसरला म्हणजे. पण जी साल सगळीकडून दाबलेली आहे, तिच्यावरचा चरा उघडणार कसा? कपाळ आपटले, बॅग लागली, चेंडू बसला तरी ती काच टिकते ती यामुळे.

मात्र टोकदार खडा सालीच्या खाली गाभ्यापर्यंत घुसला की सगळा डाव उलटतो. आवळून ठेवलेली शक्ती एकदम सुटते. तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर या वेगाने पळतो, त्याला फाटे फुटतात, फाट्यांना पुन्हा फाटे फुटतात. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत सगळ्या काचेचे खडे होतात. अशा काचेला नुसता एक तडा जाऊन ती तशीच राहिली, असे कधी होत नाही. ती एक तर पूर्ण असते, नाही तर अजिबात नसते.

माणसाला ही गोष्ट फार पूर्वी एका खेळण्यातून कळली. वितळलेल्या काचेचा थेंब गार पाण्यात सोडला की त्याचा बेडकाच्या पिल्लासारखा आकार होतो : एक गोल डोके आणि एक बारीक शेपूट. डोक्यावर हातोडी मारली तरी ते फुटत नाही, पण शेपूट चिमटीत मोडली की सगळ्या थेंबाचा भुगा होतो. सतराव्या शतकात युरोपात या थेंबांचे मोठे कौतुक होते. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्यांचे वर्णन केले आहे. थेंबापासून खिडकीच्या काचेपर्यंत पोहोचायला मात्र दोनशे वर्षे लागली. १८७४ च्या सुमारास फ्रान्समधील द ला बास्ती यांनी तापलेली काच तेलात बुडवून कडक करण्याची रीत काढली. पुढे तेलाच्या जागी हवा आली.

कंदिलाची काच आठवते का? कऱ्हाडजवळ ओगलेवाडी येथे १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. कंदिलाची काच तापलेली असताना तिच्यावर पावसाचा एक थेंब पडला तर ती तडकते, असे घरातली वडील माणसे सांगतात. मग भट्टीतून काढलेली काच गार हवेने का तडकत नाही? वेळेचा फरक आहे. कंदिलाची काच तापली तरी आतून घट्टच असते. तिची साल गार होऊन एकटीच आकसते, ताणली जाते आणि फाटते. भट्टीतली काच मात्र मऊ असतानाच तिला गार करतात.

आता तुमच्या लक्षात आले असेल की टफन काच नंतर कापता येत नाही. कलमाने जोर लावला की तिचे खडे होणार. यातून एक सोपी पारख मिळते. जी काच तुमच्या डोळ्यांसमोर मापाने कापून बसवली, ती टफन काच नव्हे. गाडीच्या पुढची काच लॅमिनेटेड असते. तिच्यात दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पदर असतो, म्हणून ती तडकली तरी तुकडे पदराला चिकटून राहतात. ती कापता येते, पण ती गोष्ट वेगळी. आपला प्रश्न मागच्या काचेचा आहे. नवी काच आली की तिच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण आणि बनवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे का, ते पाहा. पुण्याजवळ चाकणला गाड्यांच्या काचा बनतात. तिथून निघालेली काच केजला पोहोचेपर्यंत मालकाने तो बाक रिकामा ठेवावा आणि चौकटीवर जाड प्लॅस्टिक ताणून बांधावे.

काच आली. आता ती बसवायची कशी?

पहिले काम सफाईचे, आणि सर्वांत जास्त वेळ याच कामात जातो. हातात जाड मोजे घालावेत. बाकाच्या फटीत, पायदानाखाली, रबराच्या खाचेत, सगळीकडे खडे लपलेले असतात. हाताने चाचपू नये, ब्रशने आणि झाडूने काढावेत. आठवड्यानंतरही एखादा खडा बाकातून वर येतो, म्हणून गादी उचलून झटकावी.

जीपच्या जातीच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत मागची काच रबराच्या पट्टीत बसवलेली असते. या रबराला दोन खाचा असतात. एका खाचेत काच बसते आणि दुसऱ्या खाचेत गाडीच्या पत्र्याची कड. मराठवाड्याच्या उन्हात रबर कडक होते, त्याला भेगा पडतात. असे रबर पुन्हा वापरण्यात काटकसर नाही, पावसाळ्यात तेच पाणी आत सोडते. पत्र्याच्या कडेला गंज असेल तर तो पॉलिश पेपरने घासून काढावा आणि रेड ऑक्साइडचा हात द्यावा. रंग पूर्ण वाळू द्यावा.

यानंतरची युक्ती पाहण्यासारखी आहे. काचेभोवती रबर चढवतात. रबराचा सांधा कोपऱ्यावर न ठेवता सरळ बाजूवर ठेवतात. मग पत्र्यासाठी जी खाच आहे तिच्यात नायलॉनची एक गुळगुळीत दोरी सगळीकडून भरतात. दोरीची दोन्ही टोके खालच्या बाजूला मध्यावर एकमेकांवरून नेऊन आत लोंबती सोडतात. रबराला साबणाचे पाणी लावतात. मिस्त्री काच बाहेरून चौकटीवर टेकवतो आणि तळहातांनी दाबून धरतो. त्याचा शागीर्द गाडीत बसतो.

"उस्ताद, ओढू?" तो विचारतो.

"ओढ, पण सावकाश."

शागीर्द दोरीचे एक टोक हळूहळू आत ओढू लागतो. दोरी खाचेतून निघताना रबराचा ओठ उचलते आणि तो ओठ पत्र्याच्या कडेवरून आत चढतो. दोरी जिथे पोहोचेल तिथेच बाहेरून दाब द्यायचा असतो. दोघांचे हात जुळले नाहीत तर रबर मुडपते आणि सगळे पुन्हा करावे लागते. आधी खालची बाजू, मग कोपरे, मग उभ्या बाजू आणि शेवटी वरची बाजू. कोपरा अडला म्हणून कोणी बुक्की किंवा हातोडी मारू नये. टफन काचेची पाठ मजबूत असली तरी तिची कड नाजूक असते. कडेला पाना लागला तर नवी काच बसण्याआधीच तिचे खडे होतात आणि मालकाचे पैसे व दोन दिवस पाण्यात जातात.

हल्लीच्या अनेक मोटारींत मागची छोटी काच रबरात नसते, गोंदासारख्या रसायनाने पत्र्याला चिकटवलेली असते. तिथे दोरी चालत नाही. जुना थर तारेने कापून काढतात, नवा थर लावतात आणि तो धरेपर्यंत गाडी हलवत नाहीत. आणि जी काच दारात वरखाली होते, तिच्यासाठी दाराचे आतले आवरण काढावे लागते. फुटलेले खडे दाराच्या पोकळीत साचतात. ते काढले नाहीत तर दार उघडताना खुळखुळ्यासारखे वाजते.

काच बसली की काही मालक तिच्यावर काळी फिल्म चिकटवायला सांगतात. उन्हाचा त्रास कमी होतो हे खरे. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील शंभराव्या नियमाप्रमाणे बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के आणि पुढच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काळ्या फिल्मविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली आदेश दिला होता. उन्हासाठी मागच्या बाकावर रुमाल पुरतो.

शेवटचे काम तुम्हीही करू शकता. एकाने बाहेरून तांब्याने काचेवर पाणी ओतावे, आधी वरच्या कडेला आणि मग दोन्ही कोपऱ्यांना. दुसऱ्याने आत बसून रबराच्या कडेने बोट फिरवावे. बोट ओले झाले तर त्या जागी रबराचा ओठ मुडपलेला आहे, तो प्लॅस्टिकच्या पट्टीने सरळ करून पुन्हा पाणी ओतावे. बोट कोरडे राहिले तर काम झाले. शागीर्द दोरी धुतो, गुंडाळतो आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवतो. पुढच्या काचेला तीच दोरी चालते.