‘लेप्रसी’ : एक कर्कश आल्बम आणि आपले तपोवन

वाचकहो, नावावरून हा लेख आरोग्यखात्याचा वाटेल. तसा तो नाही. तो गाण्यांच्या एका आल्बमविषयी आहे, आणि आल्बमही असा की घरातली वडील माणसे ऐकताक्षणी कानांवर हात ठेवतील.

आमचे गाव बाळापूर. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री, एवढ्यावर बाहेरचे लोक आम्हांला ओळखतात. गेल्या पावसाळ्यात माझा एक विद्यार्थी घरी आला, मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “सर, हे आयका. याचं नाव ‘लेप्रसी’ हाय.” गाणे सुरू झाले आणि आतून आईने विचारले, “कोन भांडून राह्यलं रे?” भांडत कोणी नव्हते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातला ‘डेथ’ नावाचा वाद्यवृंद १९८८ सालचा आपला दुसरा आल्बम ऐकवीत होता.

या संगीतप्रकाराला ‘डेथ मेटल’ म्हणतात. यात गिटारच्या तारा नेहमीपेक्षा सैल करून स्वर खाली उतरवतात. ‘लेप्रसी’त तो षड्ज आणि शुद्ध ऋषभ यांच्यात जेवढे अंतर, तेवढा खाली आहे. मग त्या आवाजाला विजेच्या साहाय्याने मुद्दाम खरखर आणतात. ढोल वाजविणाऱ्याचे दोन्ही पायही कामाला लागलेले असतात. गायक तर गात नाही, गुरगुरतो. असा आवाज स्वरतंतूंच्या वर असलेल्या पडद्यांना कंप देऊन काढतात. तुम्ही म्हणाल, यात संगीत ते कोठे आहे? ते लयीत आहे. संथ, जड चालीवरून गाणे एकाएकी धावू लागते आणि पुन्हा थबकते. भजन रंगात आले की शब्द मागे पडतात आणि ठेका अंगात शिरतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. तसेच काहीसे येथेही होते.

या वृंदाचा प्रमुख चक शुल्डिनर. जन्म १९६७ चा, म्हणजे त्या वेळी जेमतेम एकवीस वर्षांचा पोरगा. गाणारा तोच, गिटार वाजविणारा तोच, गाणी रचणाराही मुख्यतः तोच. १९८७ सालच्या पहिल्या आल्बममध्ये भयपटांतला मालमसाला होता : उठून चालणारी प्रेते, रक्ताचे पाट. दुसऱ्या आल्बममध्ये हा मुलगा सिनेमातून बाहेर पडला आणि खऱ्या मरणाकडे पाहू लागला. टँपा शहरातील मॉरिसाउंड या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली ही आठ गाणी, मिळून अडतीस-एकोणचाळीस मिनिटांची. त्यांतल्या एका गाण्यात यंत्रांच्या आधारावर श्वास घेणारा रुग्ण आता मला सोडवा म्हणून विनवतो. जगणे कोठवर लांबवावे, हा प्रश्न आपल्याकडेही मुंबईच्या अरुणा शानभाग यांच्या निमित्ताने २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता.

पण आल्बमला नाव मिळाले ते पहिल्या गाण्याचे, कुष्ठरोगाचे. एड रेप्का या चित्रकाराने मुखपृष्ठावर चिंध्यांत गुंडाळलेला, चेहरा झडलेला रोगी काढला आहे. गाण्यातही तेच : अवयव गळतात, समाज हाकलून देतो, मरण वाट पाहते. विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, हा रोग असाच असते काय?”

या प्रश्नासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. कारण त्याचे उत्तर अर्धे ‘हो’ आणि अर्धे ‘नाही’ असे आहे.

‘नाही’ आधी सांगतो. कुष्ठरोग एका जंतूमुळे होतो, हे नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ मध्येच दाखवून दिले. बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूला परतवण्याची शक्ती उपजतच असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली. रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर संसर्गाचे भय लवकरच सरते. बोटेही आपोआप गळत नाहीत. मज्जातंतू बधिर होतात, चटका वा जखम कळत नाही, आणि दुर्लक्षाने ती बोटे खाते. म्हणजे ‘लेप्रसी’ निघाला तेव्हा औषध येऊन सात वर्षे झाली होती. गाण्यातला रोगी जुन्या काळातला आहे.

आता ‘हो’. समाज हाकलून देतो, हे मात्र त्या पोराने नेमके पकडले. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक शिंपी होते. हातावर फिकट चट्टा आला, सुई टोचली तरी कळेना. औषध मिळत होते. पण रोगाचे नाव लोकांच्या कानी जाईल म्हणून त्यांनी दोन वर्षे बाही खाली ओढून काढली. पुढे उपचार घेतले, जंतू गेले. पण वाकलेली बोटे सरळ झाली नाहीत. हातची सुई सुटली ती सुटलीच. त्यांचे नुकसान रोगाने थोडे आणि रोगाच्या नावाने फार केले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांतून निघाले तेदेखील २०१९ साली!

आणि हाच आपला वऱ्हाड-विदर्भ, जेथे हाकलून दिलेल्यांना हाक मारणारे निघाले. मनोहर दिवाण वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये या कामाला लागले. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला तपोवन उभे केले. पुढे वरोड्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन झाले. रोग्याला भिक्षा न देता काम द्यावे, ही या ठिकाणांची रीत. त्या आठ गाण्यांत नसलेले नववे गाणे आपल्याकडे असे आधीच चालू होते.

शुल्डिनरची कथा येथे संपत नाही. १९९९ मध्ये त्याच्या मेंदूत गाठ निघाली. मरायला सोडून दिलेल्यांची गाणी रचणाऱ्या या माणसाला त्याच्या लोकांनी मात्र सोडले नाही. उपचारांचा खर्च भागावा म्हणून इतर वृंदांनी मदतीचे जलसे केले. १३ डिसेंबर २००१ रोजी, चौतिसाव्या वर्षी तो गेला.

विद्यार्थ्याला मी हे सारे सांगितले, आणि तुम्हांलाही सांगतो. आल्बम खुशाल ऐका. पण अंगावर बधिर चट्टा दिसला तर बाही खाली ओढू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, औषध फुकट मिळते. देशात आजही वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. त्यांतला एखादा तुमच्या आळीतही असेल. त्याच्या ओट्यावर बसून चहा घ्या, एवढे सांगून रजा घेतो.