पहिल्या प्रयोगांचा प्रेक्षक

शेक्सपिअरवर आम्ही बोलावे, हे व्याख्यानमालेच्या चालकांना कसे सुचले कोण जाणे! आमचे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. इंग्रजी आम्ही शिकलो ते कंपनीच्या नोटिसा आणि कायद्याची कलमे वाचता यावीत म्हणून. पण नाटके आम्ही पुष्कळ पाहिली, आणि त्याहून अधिक नाटक पाहणारी माणसे पाहिली. गेट मीटिंग घेणाऱ्याला ती खोडच लागते. बोलता बोलता समोरचा माणूस घड्याळाकडे केव्हा पाहतो, मान खाली केव्हा घालतो, शेजाऱ्याला कोपर केव्हा मारतो, यावर त्याचे अर्धे लक्ष असते. तेव्हा विषय शेक्सपिअरचा असला तरी आज सांगायचे आहे ते सतरंजीवर बसलेल्या माणसाविषयी.

जुन्या नाटकाला आजचा पोशाख चढवला की प्रेक्षक काय करतो? हा प्रश्न विलायतेत मोठ्या गाजावाजाने विचारला गेला. १९२५ साली लंडनच्या किंग्जवे नाट्यगृहात बर्मिंगहॅमच्या बॅरी जॅक्सन यांच्या मंडळीने हॅम्लेट आजच्या कपड्यांत उभा केला. राजपुत्राच्या अंगावर कोट-पाटलोण पाहून प्रारंभी काहींना हसू आले. पण ते ओसरल्यावर लोक ऐकू लागले आणि तो प्रयोग चांगला नावाजला गेला. त्याच मंडळीने १९२८ साली मॅकबेथला खाकी वर्दी चढवली, तो मात्र आपटला. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये ऑर्सन वेल्सने ज्यूलिअस सीझरच्या मंडळींना इटलीतल्या फॅसिस्टांसारखे गणवेश घातले. त्यात सिना नावाच्या एका कवीला, केवळ कटवाल्या सिनाशी नाव जुळते म्हणून, जमाव घेरून संपवतो. त्या वर्षी वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला हा प्रसंग रोमचा आहे असे सांगण्याची सोय नव्हती, आणि तोच प्रसंग सर्वांत अधिक गाजला. कपडे एकदा जमतात, एकदा जमत नाहीत. त्याचे कारण शिंप्याकडे विचारून उपयोग नाही.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला, कारण शेक्सपिअरला आपण प्रथमपासूनच घरचे कपडे दिले. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ऑथेल्लो मराठीत आणला. विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी सिंबेलाइनची 'तारा' केली. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात असताना हॅम्लेटचे भाषांतर हाती घेतले, ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली छापून निघाले. त्यात हॅम्लेट झाला चंद्रसेन. देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला, तर वासुदेव बाळकृष्ण केळकरांच्या 'त्राटिके'त पेट्रुशिओ प्रतापराव होऊन आला. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी आणि बळवंतराव जोग यांनी ही नाटके गावोगाव नेली. बोरघाटातून रेल्वे १८६३ सालापासून सुरू झालेली होती. पेट्या, पडदे, तलवारी घेऊन मुंबई-पुणे करणाऱ्या नाटक मंडळ्या आमच्या कान्ह्यावरूनच जात असणार. थांबत मात्र नसणार, कारण येथे तिकीट काढून नाटक पाहील असा गिऱ्हाईक कुठला!

त्या काळच्या प्रेक्षकाला मूळ लेखक साहेब आहे हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. संशयाने बायकोचा जीव घेणारा नवरा त्याला परका नव्हता. येथपर्यंत ठीक. पण या साऱ्या नाटकांत सरदार तो सरदारच राहिला आणि राजपुत्र तो राजपुत्रच राहिला. नाव मराठी झाले, वाडा मात्र उतरला नाही.

वाडा उतरवला शिरवाडकरांनी. नानासाहेब फाटकांसाठी किंग लिअर मराठीत करावा, अशी सूचना त्यांच्यापुढे आली होती. मॅकबेथचा 'राजमुकुट' आणि 'ऑथेल्लो' हे त्यांचे आधी झालेले होते, त्यामुळे काम अवघड होते असे नाही. पण लिअरचा विचार करता करता राजा बाजूला पडला आणि त्याच्या जागी निवृत्त नट आला. विंदा करंदीकरांनी पुढे १९७४ साली 'राजा लिअर' निष्ठेने भाषांतरित केला, तो ज्याला मूळ हवे त्याने वाचावाच. शिरवाडकरांचा 'नटसम्राट' २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईस रंगभूमीवर आला. संस्था गोवा हिंदु असोसिएशन, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, आप्पासाहेब बेलवलकर झाले श्रीराम लागू आणि कावेरी शांता जोग.

बदल काय केले ते पाहण्यासारखे आहे. लिअरजवळ राज्य आहे, आप्पांजवळ घर आणि साठवलेला पैसा. लिअरच्या शेजारी राणी दिसत नाही; येथे कावेरी आहे आणि नवऱ्याचा उदारपणा कोठे नेणार हे तिला नवऱ्याआधी कळते. लिअरला शेवटी धाकटी कॉर्डेलिया भेटते. आप्पांना तशी मुलगी नाही, त्यांना भेटतो रस्त्यावर बूटपॉलिश करणारा राजा नावाचा पोरगा. लिअरचे दुःख आपण मान वर करून पाहतो, आप्पांचे दुःख मात्र जिन्यात, मोरीत, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात घडते. आणि हे आप्पा तरुणपणी हॅम्लेट, ऑथेल्लो, प्रतापराव झालेले आहेत. म्हणजे शाहूनगरवासींचा सारा शेक्सपिअर या एका म्हाताऱ्याच्या डोक्यात शिल्लक राहिला आहे.

आता आमच्या गावची गोष्ट. २०११ च्या हिवाळ्यात आमच्या कामगार मंडळींनी 'नटसम्राट' बसवला. रीतसर परवानगी काढली, मानधन भरले. आप्पा झाला एक फिटर, कावेरी झाल्या एक अंगणवाडीताई. तालमी पाळी सुटल्यावर. त्यामुळे आप्पांना वार्धक्याचा थकवा आणण्यासाठी वेगळा अभिनय करावा लागला नाही. नाना पाटेकरांचा चित्रपट २०१६ चा, तेव्हा तो कोणी पाहिलेला नव्हता. नाटकही चार-दोन जणांखेरीज कोणी सबंध पाहिलेले नव्हते. एकूण तीन प्रयोग झाले.

पहिला कान्ह्यात, देवळापुढच्या पटांगणात. आप्पा आपले सर्वस्व मुलांच्या हवाली करतात त्या प्रसंगाला सतरंजीवरून एक आवाज आला, "अहो आप्पा, थोडं ठेवा की स्वतःला!" लोक हसले. आमचा फिटर गोंधळला, क्षणभर थांबला, आणि त्या माणसाकडे पाहून, जणू त्याचेही ऐकून न ऐकल्यासारखे करून, पुढचे वाक्य बोलला. पटांगण एकदम चिडीचूप झाले. दिग्दर्शक विंगेत कपाळ धरून बसला होता. आम्हांला मात्र वाटले की नाटक त्या क्षणी सुरू झाले. ओरडणारा गृहस्थ आमच्या ओळखीचा होता. निवृत्तीला त्याचे पाच महिने उरले होते.

शेवटच्या अंकात आप्पा घर मागतात, ते भाषण आले आणि लोक हसले. आम्ही शरमेने खाली पाहिले. पण थोडा विचार करता उलगडा झाला. ते भाषण शाळेच्या स्नेहसंमेलनांतून, नकलांतून, गणपतीच्या मांडवातून सर्वांना पाठ होते. मूळ नाटक नव्हते. लोक हसले ते आप्पांना नव्हे, सवयीला. भाषण निम्म्यावर आले तेव्हा मागच्या बाजूला बायका डोळे पुसत होत्या, आणि त्याही आप्पांसाठी नव्हे, एकीने दुसऱ्या दिवशी आम्हांला स्पष्ट सांगितले, "तो बोलून तरी मोकळा होतो, कावेरीबाई न बोलता गेली." नाटकावरचे इतके नेमके वाक्य आम्ही छापलेले वाचले नाही.

दुसरा प्रयोग तळेगावला. तेथे अंत जवळ आला असता जवळजवळ तिसरा हिस्सा प्रेक्षक उठून गेला. पुढच्या रांगेतील एक सद्गृहस्थ आम्हांस म्हणाले की या लोकांना शेक्सपिअर कशाला, तमाशा आणा. आम्ही त्यांस काही बोललो नाही. उठलेली माणसे वडगाव, कान्हे, कामशेतची होती आणि लोणावळ्याकडची शेवटची लोकल त्यांना गाठायची होती. ती चुकली तर रात्र फलाटावर आणि सकाळची पाळी बुडणार. त्यातले दोघे दुसऱ्या दिवशी युनियनच्या कचेरीत आले आणि शेवट काय झाला ते आमच्याकडून उभ्याउभ्या ऐकून गेले. प्रेक्षक उठला एवढे पाहून निकाल देणाऱ्यांनी रेल्वेचे वेळापत्रकही जवळ ठेवावे.

तिसरा प्रयोग एका कारखान्याच्या रिकाम्या शेडमध्ये झाला आणि तेथे मोठेच भांडण जुंपले. प्रयोगानंतर चहा चालू असता पंचविशीतला एक कंत्राटी कामगार म्हणाला, "नंदाचं चुकलं काय? दोन खोल्या, त्यात रात्रंदिवस भाषणं करणारा म्हातारा. तुम्ही ठेवून दाखवा!" म्हातारे खवळले. एकाने त्याच्या बापाचा उद्धार केला. पोरगा हटला नाही. त्याचे म्हणणे असे: "तुम्ही कायम होता, तुम्हांला फंड मिळणार, ग्रॅच्युइटी मिळणार. आमचं कंत्राट महिन्यावर. आम्हांला बँक कर्ज देत नाही. घरात पैसा म्हणजे तुमचा फंड, दुसरा नाही. तो मागितला की आम्ही राक्षस!"

यावर आम्ही काय बोलणार? आयुष्यभर आम्ही कायम कामगारांची युनियन चालवली. हा पोरगा कंत्राटी झाला त्यात आमचा आळस नव्हता असे आमच्याने म्हणवत नाही. लिअरचे राज्य आमच्या मावळात प्रॉव्हिडंट फंडाच्या रूपाने आलेले आहे, हे आम्हांला त्या रात्री कळले. शिरवाडकरांनी राजाचा नट केला. नटाचा निवृत्त फिटर करण्याचे काम त्या शेडमधल्या लोकांनी केले, आणि नंदाची बाजूही त्यांनीच उभी केली.

म्हणून आम्हांला पहिल्या प्रयोगांचा प्रेक्षक मोलाचा वाटतो. पुढे नाटकाचे नाव होते, कोठे रडायचे हे लोक घरूनच ठरवून येतात. आधीच्या प्रेक्षकाला ते ठाऊक नसते. तो चुकीच्या जागी हसतो, मध्येच बोलतो, खलपात्राची कड घेतो, आणि त्यावरून नाटक त्याच्या घरात कोणत्या दाराने शिरले ते समजते. लंडनच्या लोकांना जे हसू आले ते कोटाचे; आमच्या लोकांना जे आले ते पाठांतराचे. दोन्ही ठिकाणी हसू ओसरल्यावर जे उरले, तेच नाटकाचे.

त्या महिन्यात कचेरीत येणाऱ्यांचे प्रश्नही बदलले. पगारवाढीच्या आधी लोक विचारू लागले की घर मुलाच्या नावावर करावे काय. आम्ही त्यांना २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा वाचून दाखवला. त्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते देणे रद्द ठरवू शकते. अट मात्र कागदावर लिहून घ्यावी. आप्पांच्या वेळी हे कलम नव्हते. आणि असते तरी पोटच्या पोरांपुढे अट लिहिणारे आप्पा ते नव्हेत, असे कचेरीतल्या एका म्हाताऱ्याने सुनावले ते खोटे नाही.

नंदाचे काम करणारा मुलगा आमच्याच गावचा. पहिल्या प्रयोगानंतर आठवडाभर टपरीवरचा म्हातारा त्याला चहा देताना तोंड फिरवी. त्याचे वडील तिन्ही प्रयोगांना पुढे बसले होते. तिसऱ्या रात्री घरी गेल्यावर त्यांनी सामाईक कपाटातून आपले पासबुक काढले आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावले. मुलगा पाहत होता. त्याने विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. सकाळी दोघे नेहमीप्रमाणे एकाच गाडीवरून फाट्यापर्यंत आले.