शाईने जपलेला मोहल्ला

मुलाने भिंतीवर रेघोट्या ओढल्या की बहुतेक घरांत आधी धपाटा बसतो. गोव्यातल्या एका आईने भिंती रंगवणाऱ्या मुलाच्या हाती कोरी वही दिली. तो मुलगा म्हणजे मारिओ मिरांडा (१९२६-२०११). चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ते इतिहास शिकले. पण रोज दिसेल ते काळ्या शाईने वहीत उतरवण्याची सवय सुटली नाही. त्यांच्या १९४९ ते १९५१ या वर्षांच्या चित्रमय रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने निघाल्या. गोव्याचे बाजार, कौलारू घरे, मुंबईच्या गजबजलेल्या गल्ल्या त्यांच्या रेषांत टिकून आहेत. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगरच्या भिंतींवर आजही ती चित्रे दिसतात. २०१२ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

आम्ही नंदुरबार जिल्ह्यात शिकवतो. आमच्या वर्गातही अशी बोटे आहेत. मात्र "आमच्यात चित्र काढत नाहीत" असे सांगून काही पालक वहीच बंद करतात. सजीवांच्या चित्रांबाबत उलेमांची मते आपल्याला ठाऊक आहेत आणि त्या मतांचा आदर आहेच. पण हजरत इब्न अब्बास (रजि.) यांनी एका चित्रकाराला झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याची मोकळीक दिल्याचे हदीसमध्ये येते. मग घर, मशिदीचा मिनार, विहीर, गल्ली यांना अडचण कुठे आहे?

सोळाव्या शतकातले उस्मानी विद्वान मत्राकची नसूह यांचेच पाहा. सुलतान सुलेमान यांच्या इराक मोहिमेत (१५३३-३६) वाटेत लागलेली शहरे त्यांनी चितारली. इस्तंबूल, हलब, बगदाद. घुमट, पूल, तटबंदी, बागा सारे आहे, पण चित्रांत माणूस नाही. तरीही त्या काळची शहरे कशी होती हे अभ्यासक आज त्यावरून समजून घेतात.

आपल्याकडे काढण्यासारखे काय कमी आहे? नंदुरबारचा माणिक चौक, जिथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी बाल शिरीषकुमार आणि त्याचे सोबती शहीद झाले. हंगामात शहराबाहेर पसरलेल्या मिरचीच्या लालभडक पथारी. सागवानी खांबांची जुनी घरे, ओटे, कोरीव दरवाजे. ही घरे एकेक करून पडत आहेत आणि त्यांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहत आहेत. दादीने ज्या ओट्यावर पापड वाळवले, तो ओटा नातवाला उद्या कुठे दिसणार?

मोबाइलवर फोटो निघतो, हे खरे. पण फोटो क्षणात काढून होतो. चित्र काढणाऱ्याला खिडकीचे गज मोजावे लागतात, कमान कुठे वळते ते पाहावे लागते. शाईची रेघ खोडरबराने पुसता येत नाही, म्हणून मूल आधी नीट पाहते आणि मग हात चालवते. ही सवय गणितात आणि हस्ताक्षरातही उपयोगी पडते.

खर्च फार नाही. एक बिनरेघी वही आणि एक काळा पेन. सुरुवात आपल्याच दारापासून करावी. चित्राखाली तारीख, गल्लीचे नाव आणि त्या घराबद्दल दादा-दादींनी सांगितलेली एखादी आठवण, उर्दूत किंवा मराठीत, मुलानेच लिहावी. आठवड्याला एक चित्र काढले तरी वर्षाअखेरीस बावन्न पाने होतील, आणि मोहल्ल्याचा तेवढा इतिहास घरात राहील.

या सुट्टीत मुलांच्या हाती वही द्या, आणि ती भरली की अम्मी-अब्बांनी सोबत बसून पाहा.