ऐकतो तो मेंदू; शिकण्याची मुदत मात्र थोडी

कानाचे काम ध्वनी गोळा करण्याचे. त्याचा अर्थ लावतो तो मेंदू. आतील कानाच्या शंखाकृती नलिकेत सुमारे साडेतीन हजार अंतर्केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे त्या विद्युतसंदेशांत रूपांतर करतात आणि श्रवणचेतेमार्फत ते मेंदूकडे जातात. या पेशी जन्मतःच निकामी असल्या, तर श्रवणकेंद्राकडे फारसे काही पोहोचत नाही. रिकामी राहिलेली ही जागा मग दृष्टी, स्पर्श यांच्या कामासाठी हळूहळू वापरली जाऊ लागते.

हे कोडे एकट्या कान-नाक-घसा तज्ज्ञाला सुटणारे नव्हते. त्यासाठी श्रवणतज्ज्ञ, मेंदूविज्ञानाचे अभ्यासक, अभियंते व भाषातज्ज्ञ विद्यापीठांतून एकत्र आले. अमेरिकेत अनू शर्मा, मायकेल डोरमन आदींनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्यांतील महत्त्वाचा. कॉक्लिअर इम्प्लांट बसविलेल्या १०४ जन्मतः कर्णबधिर मुलांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून, आवाजाला मेंदू किती वेळात प्रतिसाद देतो, हे त्यांनी मोजले. साडेतीन वर्षांच्या आत उपकरण मिळालेल्या मुलांचा प्रतिसाद सहा महिन्यांतच समवयस्कांसारखा झाला. सात वर्षांनंतर ते मिळालेल्या बहुतेकांच्या बाबतीत तो काही वर्षांनीही मागेच राहिला.

बीड जिल्ह्यात या साडेतीन वर्षांचा हिशेब वेगळाच होतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात, तान्ही मुलेही बरोबर असतात. पाच-सहा महिन्यांचा एक हंगाम धरला, तरी तीन हंगामांत सव्वा ते दीड वर्ष कोपीत जाते. दार आपटले की मूल दचकते, म्हणून त्याला ऐकू येते, अशी घरच्यांची समजूत होते; प्रत्यक्षात ते हादऱ्यानेही दचकू शकते. ‘याचा बापही उशिराच बोलला’ हे समाधान तर घरोघरी असते.

वस्तुतः प्राथमिक तपासणी सोपी आहे. निरोगी कान स्वतःही अतिमंद ध्वनी सोडतो, हे डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये दाखविले. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून हा ध्वनी काही मिनिटांत टिपता येतो. तो न मिळाल्यास ‘बेरा’ चाचणीने निदान पक्के केले जाते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारांना प्रारंभ, असा जगभर मान्य झालेला दंडक आहे.

केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. मात्र शस्त्रक्रियेने काम संपत नाही. यंत्राची जुळणी वारंवार करावी लागते, वाचा-उपचारही काही वर्षे चालतात. फडावर असलेल्या कुटुंबाला नेमके हेच अशक्य होते. मुदत हुकली म्हणजे भाषाच हुकली, असे मात्र नव्हे. मेंदूतील भाषाकेंद्रे सांकेतिक भाषाही तितक्याच सहजतेने आत्मसात करतात. पण तीही लहानपणीच मिळायला हवी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत मुले तपासतात. जन्मजात बहिरेपणाही त्यांच्या यादीत आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा बीडपुरता प्रश्न मुख्यतः वेळापत्रकाचा उरतो. ऊसतोड कुटुंबांतील बालकांची तपासणी टोळी हलण्यापूर्वी, भाद्रपदातच उरकावी लागेल आणि निदानाचे कागद मुलाबरोबर कारखान्याच्या गावापर्यंत जावे लागतील.