अंतराचे गणित – भाग ५ : ट्रॉम्सो ते लाँगयिअरब्येन

गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत आखूड मार्गाला महावर्तुळ मार्ग म्हणतात, हे मागील भागात पाहिले. तीच कल्पना नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील ट्रॉम्सो आणि आर्क्टिक महासागरातील स्वालबार्ड द्वीपसमूहावरील लाँगयिअरब्येन या विमानतळांना लावली, तर अंतर चटकन निघते; वेळेचा हिशोब मात्र तितका सरळ राहत नाही.

ट्रॉम्सोचा विमानतळ ६९ अंश ४१ मिनिटे उत्तर अक्षांशावर, तर लाँगयिअरब्येनचा ७८ अंश १५ मिनिटांवर आहे, म्हणजे दोहोंत ८ अंश ३४ मिनिटांचा, अर्थात ५१४ मिनिटांचा फरक आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असल्यामुळे हे अंतर ९५२ किलोमीटर भरते. रेखांशांतही साडेतीन अंशांचा फरक आहे, परंतु ध्रुवाकडे जाताना रेखावृत्ते एकमेकांजवळ येत असल्याने विषुववृत्तावर १११ किलोमीटर असलेला एक अंश लाँगयिअरब्येनपाशी अवघा २३ किलोमीटर उरतो. त्यामुळे एकूण लांबी जेमतेम पाच-सहा किलोमीटरने वाढून सुमारे ९६० किलोमीटर होते. भिंतीवरील मर्केटर नकाशात हेच अंतर अवाढव्य भासते, कारण त्या पद्धतीत ७८ अंशांजवळची लांबी विषुववृत्ताच्या तुलनेत जवळजवळ पाचपट ताणली जाते.

ताशी ८३० किलोमीटर वेगाने हे अंतर एक तास दहा मिनिटांत संपावे, पण वेळापत्रक दीड तासाहून थोडा अधिक वेळ दाखवते. त्यात ब्लॉक टाइम धरलेला असतो, म्हणजे विमान आपली जागा सोडते तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचा सारा वेळ. धावपट्टीपर्यंतची वाट, उंची गाठणे, उतरणे आणि समोरचा वारा यांचा हिशोब त्यातच होतो. शिवाय दोन्ही ठिकाणे नॉर्वेच्याच सार्वभौमत्वाखाली असली, तरी स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर असल्याने प्रवाशाला पासपोर्ट तपासणीचा वेळ वेगळा राखावा लागतो. 

याच वाटेचा पुढचा टप्पा गोव्याशी जोडलेला आहे. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे कारभार असलेले, २००८ मध्ये सुरू झालेले भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र लाँगयिअरब्येनपासून ११० किलोमीटरवरील न्यू-ओलेसुंड येथे आहे. स्वालबार्डवरील वस्त्यांना जोडणारा रस्ताच नसल्याने संशोधक तेथे लहान डॉर्नियर विमानाने, नाहीतर बोटीने जातात. विमानाला सुमारे २५ मिनिटे लागतात, म्हणजे सरासरी वेग ताशी २६५ किलोमीटरच्या आसपास पडतो. हेच विमान सलग उड्डाणात ताशी ४०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, परंतु इतक्या थोड्या अंतरात चढण्या-उतरण्यातच बराचसा वेळ खर्ची पडतो.

तेव्हा वाचकांनी तिकिटावरील मिनिटांवरून अंतर ताडू नये. अंतर अक्षांश-रेखांशांवरूनच मोजावे.